ठाऊक होतं, जायला जागा नव्हती

पणजीच्या पिढीतल्या सासुरवासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: त्या काळी तसंच होतं, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. सुनेला शिळंपाकं वाढणं, वर्ष वर्ष माहेरी न पाठवणं, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून नवऱ्याने हात उगारणं हा सगळा काळाचा महिमा होता. छळाला छळ म्हणायला आपण अलीकडे, शिक्षणाने आणि कायद्याने शिकलो, असं त्यामागचं गृहीतक असतं. ते सोयीचंही आहे, कारण त्यात कुणाकडे दोष जात नाही. ज्यांनी सोसलं त्यांना कळत नव्हतं, ज्यांनी केलं त्यांनाही कळत नव्हतं, मग प्रश्नच मिटला. मला हे गृहीतक इतिहास म्हणून टिकणारं वाटत नाही. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तरी बायकांच्या स्वतःच्या शब्दांतला पुरावा भरपूर आहे, आणि तो उलट दिशेला बोट दाखवतो. घरातला जाच बायका ओळखत होत्या, त्याची कारणं जाणत होत्या, त्याच्या खुणाही सांगत होत्या. नव्हत्या त्या दोन गोष्टी: ते सांगणं पुरावा म्हणून ऐकून घेणारं कुणी, आणि उंबरठा ओलांडल्यावर पाय टेकायला जागा. गेल्या दीडशे वर्षांत बदल झाला तो मुख्यतः या दोन बाबतींत.

सर्वात मोठा पुरावा जात्यावरचा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी मुळशीपासून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. त्यांतला विठ्ठल, सीता, भाऊ आणि लेक यांचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे, पण सासरच्या जाचाच्या ओव्याही थोड्याथोडक्या नाहीत. पहाटे घर झोपलेलं असताना, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने, बरोबर दळणाऱ्या दुसऱ्या बाईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हटल्या जात. भोंडल्याच्या गाण्यांत हेच जरा हसत येतं. माहेरी जाऊ का, असं सून विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. मग वेल येऊ दे, मग फूल, मग कारलं, मग त्याची भाजी, आणि सगळं झाल्यावर, मला काय विचारतेस, सासऱ्याला विचार. दुसऱ्या एका गाण्यात रुसून बसलेल्या सुनेची समजूत काढायला घरातला एकेक जण काहीतरी द्यायचं कबूल करून जातो आणि ती येत नाही. शेवटी नवरा जातो, आणि एका प्रचलित पाठात त्याच्या हातची भेटवस्तू म्हणजे चाबूक. ती येते. ही गाणी पाटावर हत्ती मांडून, फेर धरून, लहान लहान मुली म्हणत आल्या. खिरापत ओळखण्याच्या गमतीत आपलं लक्ष जात नाही, पण परवानगी सरळ नाकारायची नाही, फक्त पुढे पुढे ढकलत राहायची, ही युक्ती त्या कारल्याच्या वेलात जितक्या नेमकेपणाने पकडली आहे तितकी समुपदेशनाच्या पुस्तकांतही क्वचित सापडते. आठ वर्षांच्या मुलीला पुढे काय वाढून ठेवलं आहे याची ती जवळजवळ शिकवणीच होती.

यावर लोकसाहित्याचे अभ्यासक एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ओवीतली सासू ही ठरीव सासू असते. भाऊ जसा नेहमी चंद्रासारखा, तशी नणंद नेहमी कजाग. अशा साचेबंद गाण्यांवरून कुणाच्या घरात काय घडलं हे कसं सांगणार? नाहीच सांगता येत. एखाद्या ओवीवरून अमक्या गावातल्या अमक्या सासूवर आरोप ठेवता येणार नाही. पण माझा मुद्दा घटनेचा नसून ओळखीचा आहे, आणि ओळखीसाठी साचा हाच उत्तम पुरावा ठरतो. एकाच बाईची कहाणी असती तर ती तिच्या नशिबाची कहाणी म्हणून सोडून देता आली असती. शेकडो गावांतल्या, निरनिराळ्या जातींतल्या बायका जेव्हा त्याच चार-पाच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, म्हणजे माहेर तोडणं, पोटाला चिमटा, चारचौघांत पाणउतारा, नवऱ्याचे कान भरणं, तेव्हा त्यांनी या वागण्याचा आकृतिबंध ओळखलेला असतो. दुसरा आक्षेप याहून जड आहे. गाऊन मन मोकळं झालं की बाई पुन्हा कामाला लागते. तेव्हा ओवीने जाच सोसायला मदत केली, थांबवायला नाही. हे मला मान्य आहे. मात्र यातून बायकांना जाच कळत नव्हता हे सिद्ध होत नाही; कळूनही करता येण्याजोगं फारसं नव्हतं, एवढंच सिद्ध होतं.

जे करता येत होतं ते रीतींच्या आत दडलेलं होतं. नागपंचमीला किंवा दिवाळीला मुराळी म्हणून भाऊ न्यायला यायचा, तेव्हा तो बहिणीची तब्येत, हातावरचे वळ, घरातलं बोलणंचालणं पाहून जायचा. पहिलं बाळंतपण माहेरी होई, त्यात चार महिने सुटका असे. परतीची पाठवणी लांबवणं, जावयाला दोन शब्द सुनावणं, फारच झालं तर गावातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालणं एवढाच हा बंदोबस्त. तो माहेरच्या माणसांच्या ऐपतीवर आणि हिमतीवर अवलंबून असे. बाप गेलेला, भाऊ धाकटा किंवा कर्जबाजारी असला तर मुराळी येतच नसे, आणि नेमकी हीच सून सासरच्या लोकांना सर्वात निर्धास्तपणे छळता येई. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांच्या खांद्यांवरचा केवढा भार उतरला हे वेगळं सांगायला नको. पण पहाटेची ती एकमेव बोलायची जागाही त्याबरोबर गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा मिळायला मध्ये बरीच वर्षं गेली.

लिखित पुराव्याकडे वळलं की आनंदीबाई जोशी यांच्यापाशी थांबावंच लागतं. 1865 साली जन्मलेल्या, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न झालेल्या, चौदाव्या वर्षी मूल होऊन दहा दिवसांत गेलेलं पाहिलेल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झालेल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने वारलेल्या या मुलीची गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. बायको शिकत नाही म्हणून मारणारा नवरा, हे त्या गोष्टीतलं गमतीचं पात्र. इतर नवरे बायको पुस्तक हातात घेते म्हणून मारत, हा घेत नाही म्हणून मारी, यावर आपण हसत आलो. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीपासून 2019 च्या चित्रपटापर्यंत गोपाळराव बहुतेक वेळा तऱ्हेवाईक, हट्टी, पण अंतर्यामी थोर असेच उभे राहतात. त्या थोरवीशी मला भांडायचं नाही. मिशनऱ्यांना पत्रं लिहून, लोकांची टिंगल सोसून, बायकोला एकटीला समुद्रापार पाठवणारा दुसरा टपाल कारकून त्या काळात दाखवता येणार नाही. पण खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांनाच लिहिलेल्या एका पत्रात या वागणुकीचा जो हिशेब मांडला आहे, तो वाचल्यावर ‘त्या काळी तसंच होतं’ हे वाक्य तोंडातून निघणं अवघड आहे.

त्या पत्राची मांडणी पाहण्यासारखी आहे. तुमची वागणूक चांगली की वाईट हे ठरवणं कठीण, ती दोन्ही होती, असं त्या सुरुवातीलाच सांगतात: हेतूकडे पाहिलं तर योग्य, मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामाकडे पाहिलं तर चूक. मग वयाच्या क्रमाने नोंद येते. दहाव्या वर्षी लाकडाच्या ढलप्यांनी मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं व सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी चमत्कारिक शिक्षा. आणि प्रत्येक टप्प्याला त्या वयाच्या शरीराला व मनाला हे झेपणारं नव्हतं, असा निर्वाळा. त्यानंतर त्या स्वतःच तो प्रश्न घेतात जो आजही प्रत्येक मार खाणाऱ्या बाईला विचारला जातो: मग सोडून का गेली नाहीस? सासू आणि नवऱ्याच्या जाचाला कंटाळून कितीतरी मुली घर सोडून गेल्या आहेत हे त्यांना माहीत आहे. पण त्या वयात गेले असते तर माझं काय झालं असतं, आणि वडिलांच्या अब्रूचं काय, हे त्यांचं उत्तर. पुढचा मुद्दा कायद्याचा: नवराबायकोच्या मध्ये कायदा पडत नाही, आणि पडला तर पुरुषाच्या बाजूने. म्हणून खुर्च्यांचा मार निमूट सोसण्यावाचून इलाज नव्हता. हिंदू बाईला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क नाही, गप्प बसण्याचा मात्र आहे, हा शेवटचा टोमणा विशीच्या आतबाहेरच्या मुलीने मारलेला आहे. मारहाण, तिचा वाढत्या वयावर होणारा परिणाम, घर न सोडण्याची कारणं, अब्रूचा धाक, कायद्याचा पक्षपात, सगळं तिथे आहे. शंभर वर्षांनंतरच्या स्त्री संघटनांनी याच्यात तपशिलाची भर घातली. रोगनिदान आनंदीबाईंनी आधीच केलेलं होतं.

इथे हमखास येणारी हरकत अशी की आजच्या मोजपट्टीने एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला मोजू नये. तत्त्व म्हणून ठीक. पण ही मोजपट्टी आजची नाही, ती 1880 च्या दशकातली, मार खाल्लेल्या बाईच्या हातातली आहे. त्या काळाचं मत म्हणजे फक्त मारणाऱ्याचं मत, असं धरून चाललो तरच या हरकतीत जोर येतो. दुसरी हरकत जास्त भावनिक: माराचं फळ बघा, नाहीतर ती डॉक्टर झाली असती का? याचं उत्तर मला सरळ वाटतं. गोपाळरावांनी शिकवलं म्हणून ती शिकली. ढलप्यांनी मारलं म्हणून शिकली याला काही पुरावा नाही. अमेरिकेत, आधी रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंकडे आणि मग फिलाडेल्फियात, ती राहिली तेव्हा तिच्यावर कुणी खुर्ची फेकत नव्हतं, आणि पदवी तिने त्याच काळात मिळवली. आणखी एक गोष्ट. आनंदीबाईंचं ‘दोन्ही’ हे उत्तर वाचून काही जण सुटकेचा निःश्वास टाकतात, की बघा, तिनेच माफ केलं. जवळच्या नात्यातल्या छळाचा गुंता नेमका इथेच असतो. मारणारा हात आणि पुस्तक आणून देणारा हात एकाच माणसाचे असतात. कृतज्ञता खरी असते आणि इजाही खरी असते. परक्याने मारलं तर असा हिशेब करावाच लागत नाही. आनंदीबाईंनी दोन्ही रकाने भरले आणि एकातून दुसरा वजा केला नाही, यात मला त्यांच्या बुद्धीची झेप दिसते. वाचणाऱ्यांनी मात्र वजाबाकी करून टाकली.

सुधारकांच्या घरांतला हा एकच दाखला नव्हे. रमाबाई रानडे यांच्या 1910 साली आलेल्या आठवणींत हाताने मारणं कुठे नाही, पण घरातल्या बायकांनी शिक्षणावरून केलेली रोजची टोचणी पानोपानी आहे, आणि नवऱ्याची, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांची, नाराजी अबोल्यातून भोगावी लागे हेही त्या दडवत नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त न सांगता घर सोडून निघून जाणाऱ्या, क्षणात भडकणाऱ्या नवऱ्याचं वर्णन इतक्या खेळकरपणे केलं आहे की वाचणारा हसतो, आणि पानं उलटल्यावर आपण कशाला हसलो ते त्याच्या ध्यानात येतं. विनोद हे त्यांचं सोसण्याचं साधन होतं. या बायकांना आपल्यावर काय गुदरलं ते कळलं नव्हतं असं म्हणायचं असेल, तर त्यांची पुस्तकं न वाचता म्हणावं लागेल.

कळण्याचा प्रश्न नव्हता, तर मग कशाचा होता? रखमाबाईंच्या खटल्यात त्याचं उत्तर कागदोपत्री मिळतं. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला गेल्याच नव्हत्या. त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी 1884 साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला, अपिलात निकाल फिरला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंगात जाईन, असं त्यांनी कळवलं. लोकमान्य टिळकांच्या केसरीने या प्रकरणात त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. यातला तुरुंग मला सर्वात बोलका वाटतो. नको असलेल्या नवऱ्याच्या घराखेरीज बाईसाठी सरकारच्या नकाशावर दुसरी एकच जागा होती, आणि तिच्या दाराला गज होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह, पंडिता रमाबाईंचं 1889 मधलं शारदा सदन, कर्व्यांचा 1896 चा आश्रम, या संस्थांचं मोल शिक्षणाइतकंच निवाऱ्याचं आहे. पण त्या प्रामुख्याने विधवांसाठी होत्या. नवरा जिवंत असताना बाहेर पडलेल्या बाईला आसरा देणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोला पळवणं, असा गवगवा व्हायचा. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 च्या ‘स्त्री-पुरुष तुलना’मध्ये सगळे दोष बायकांच्याच माथी का, असा जाहीर सवाल केला, तर त्यांच्या वाट्याला मुख्यतः दुर्लक्ष आलं. (बाईला नांदायला परत बोलावण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात आजही आहे, तुरुंग तेवढा त्यातून गेला.)

सासूंचं काय, असं कुणी विचारेल. ओव्यांपासून रमाबाई रानड्यांपर्यंत छळणाऱ्यांत बायकाच ठळक दिसतात, तेव्हा पुरुषांच्या सत्तेची भाषा कशाला? प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे ही म्हण काय सांगते ते पाहावं: घरात बाईच्या वाट्याला येणारी सत्ता उसनी असते आणि ती फक्त एकाच माणसावर चालते. कारल्याच्या गाण्यातली सासूही शेवटचा शब्द सासऱ्याकडेच ढकलते. यामुळे सासूचा दोष कमी होत नाही. मार देणाऱ्या हाताला हिशेब द्यावाच लागतो, मग तो हात कुणाचाही असो. कायद्यालाही हे उशिरा का होईना पटलं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तक्रार फक्त प्रौढ पुरुषाविरुद्ध करता येईल अशी शब्दयोजना होती. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शब्द काढून टाकले.

ऐकून घेण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात खरी कलाटणी मिळाली ती 1982 मध्ये, पुण्यात. लग्नाला चार महिने झालेल्या मंजुश्री सारडा या तरुणीचा जून महिन्यात सायनाइडने मृत्यू झाला. खटल्यात मध्यवर्ती ठरली ती तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जुलै 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं: आत्महत्येची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही, आणि परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी. या निकालातली पुराव्याची सूत्रं आजही न्यायालयं वापरतात. फौजदारी न्याय म्हणून त्यात काही गैर नाही. माझं लक्ष वेधून घेते ती दुसरी बाजू. न्यायमूर्ती फझल अली यांनी आपल्या निकालपत्रात ती पत्रं मृत व्यक्तीचं निवेदन म्हणून ग्राह्य मानली. माहेरच्या माणसाला लिहिलेलं खासगी पत्र, ज्याची एरवी घडी घालून पेटीत रवानगी व्हायची, ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ओळीओळीने वाचलं गेलं. पण पत्रांतल्या दुःखातून खून सिद्ध होत नसेल तर त्या दुःखाचं काय, याला त्या वेळच्या दंडसंहितेत नेमकं घर नव्हतं. पुण्यात नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन उभं केलं. ते पाहायला आलेल्या बायका स्वतःविषयी बोलू लागल्या, आणि त्यातून मंचाचं ‘बोलते व्हा’ हे केंद्र आकाराला आलं. विद्या बाळ यांच्यासारख्या संपादकांनी हा विषय मासिकांत लावून धरला.

दिल्ली आणि इतर शहरांतल्या हुंडाबळीविरोधी आंदोलनांचा रेटा होताच. 1983 च्या डिसेंबरात भारतीय दंडसंहितेत 498-अ हे कलम आलं. बाईला आत्महत्येकडे ढकलणारी किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर इजा पोचवणारी वागणूक त्याने गुन्हा ठरवली. ‘मानसिक’ हा शब्द फौजदारी कायद्यात घरातल्या माणसांच्या संदर्भात येणं ही लहान गोष्ट नव्हती. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. 1986 मध्ये हुंडाबळीचं कलम आलं. 2005 च्या कायद्याने अपमान, धमक्या, पैसा रोखून धरणं यांनाही हिंसा मानलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घर नावावर असो वा नसो, बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. आनंदीबाईंच्या पत्रातला ‘गेले असते तर काय झालं असतं’ हा प्रश्न कायद्याने उत्तरासाठी हाती घ्यायला सव्वाशे वर्षं लागली.

या कायद्यांचा गैरवापर होतो ही तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये आपोआप होणाऱ्या अटकेला लगाम घातला तो याच कारणाने, आणि सासरच्या म्हाताऱ्या नातेवाइकांना सरसकट गोवण्याची सवय निंद्यच आहे. पण याचा अर्थ बायका आता उठसूट पोलिसांत जातात असा कुणी लावत असेल, तर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीकडे बघावं. त्यात 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी नवऱ्याच्या हिंसेचा अनुभव नोंदवला. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुठेही मदत मागितलेल्या अवघ्या 14 टक्के होत्या. 77 टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि ते कुणाला सांगितलंही नव्हतं. पाहणी करणाऱ्या बाईने दार लावून घेऊन विचारलं तेव्हा मात्र त्यांनी सांगितलं. म्हणजे ओळख होतीच.

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘सेहत’ या संस्थेने महापालिकेबरोबर ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं तेव्हा हेच सूत्र धरलं होतं. छळलेली बाई पोलीस ठाण्यात जाईल न जाईल, पण दवाखान्यात ती येतेच: जिन्यावरून पडले, दार लागलं, चुकून औषध पोटात गेलं, असं सांगत. केसपेपरवर तेच लिहून टाके घालायचे आणि घरी पाठवायचं, ही जुनी पद्धत. तिथल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना शिकवलं गेलं ते एवढंच की जखम आणि सांगितलेलं कारण यांचा मेळ बसत नसेल, तर बरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवा आणि तिला एकटीला विचारा, घरी काही त्रास आहे का.